सरकत्या काठावरची पोरं

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की दौंड तालुक्याला समुद्र आहे. भूगोल शिकवणाऱ्यांनी कृपया खाली बसून घ्यावे. नकाशावर दौंडपासून समुद्रापर्यंत बोट न्यायचं तर अख्खा सह्याद्री ओलांडावा लागतो, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या समुद्राच्या काठावर मी दोन पोरं वाढवली आहेत. तो आहे की नाही हे नकाशाने मला सांगू नये.

सरकारी भाषेत त्याला फुगवटा म्हणतात. खाली भीमेवर धरण झालं, पाणी मागे चढत चढत माझ्या सासरच्या गावापर्यंत आलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं आणि ज्वारी एवढंच ओळखणाऱ्या माणसांच्या गोठ्याशी लाटा येऊन बसल्या. वारा सुटला की खरोखरीच्या लाटा. सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. होड्या आहेत, जाळी आहेत, मासळीचा वास आहे, थंडीत कुठून कुठून येणारे लांब पायांचे गुलाबी पक्षी आहेत. फक्त मीठ नाही. ते आम्ही दौंडच्या बाजारातून आणतो.

आमच्या समुद्राला एक खोड मात्र आहे. तो जागेवर राहत नाही. दिवाळीत गोठ्याचा खुंटा चाटणारं पाणी वैशाखात इतकं लांब जातं की त्याला भेटायला जायचं तर भाकरी बांधून न्यावी लागते. मधली जमीन उघडी पडते, तिच्यावर लोक कलिंगडं आणि काकड्या लावतात. आणि पाण्याच्या मागे मागे सगळ्यांच्या मोटरी निघतात. पाणी चार पावलं हटलं की मोटर चार पावलं पुढे ओढायची, पाइप जोडायचा, केबल वाढवायची. सुगीपासून उन्हाळ्यापर्यंत आमच्या गावातल्या पुरुषांना कुठे निघालात म्हणून विचारलं तर एकच उत्तर मिळायचं, "मोटर पुढं घ्यायला."

आता मी कुठली, तर शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईकडच्या माळावरची. आमच्या वाडीत पाणी म्हणजे टँकरच्या मागे घागर घेऊन धावायची गोष्ट. लग्न करून आले ती एकदम समुद्रावर. पोरं झाली, चालायला लागली, आणि काळजाचं पाणी पाणी होऊ लागलं. तेव्हा मी एक कायदा केला. काठ सरकतो, झाड पाण्यात बुडतं, दगड बुडतो, तर हद्द म्हणून दाखवायचं काय? मोटर! ती काठावरच असते, हिरवी रंगवलेली आहे, लांबून दिसते. मी पोरांना समोर उभं करून बजावलं, "मोटरीच्या पुढं पाऊल टाकायचं नाही."

या कायद्यावर मी फार खूश होते. भाद्रपदात पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रिकामे ड्रम बांधून तराफा केला, त्यावर मोटर ठेवली आणि तराफा खोल पाण्यात नेऊन सोडला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पोरांना दिसलं. एका दुपारी लाईट गेलेली, मी काठावर आले, तर माझी नऊ वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा भर पाण्यात तराफ्यावर पाय सोडून काकडी खात बसलेले.

"कुठं बसलाय?" मी काठावरून ओरडले.

"मोटरीच्या मागं," मुलगी म्हणाली. आणि तराफ्याची गावाकडची बाजू हाताने थोपटून दाखवली. "पुढं एक पाऊल न्हाई टाकलं."

कायद्याचा मसुदा माझा होता, त्यामुळे मला शिक्षा देता येईना.

गावाचा स्वतःचा कायदा जास्त कडक होता. पाण्यात उतरलेल्या पोराचे कपडे काठावर दिसले की ज्या बाईच्या नजरेला पडतील तिने ते उचलून घरी न्यायचे. मग ते पोर कुणाचंही असो. पोराने त्या बाईच्या दारात जाऊन कपडे मागायचे, आणि तिने द्यायच्या आधी चार कामं सांगायची. शेजारच्या होडीवाल्या मावशींचं अंगण असं वर्षभर दुसऱ्यांच्या पोरांनी झाडलेलं असायचं. आमच्या दोघांनी यावर कपडे डोक्याला बांधून पोहण्याची युक्ती काढली. लांबून दोन मुंडासेवाले म्हातारे पोहत चाललेत असं वाटायचं.

हे सगळं मला गोड वाटायला लागलं होतं, तेवढ्यात दिवाळीत माझे वडील आले.

आबा मेंढरांमागे हिंडून मोठे झालेले. पुढे वाडीत जमीन कसायला लागले, पण चाल तीच, लांब ढांगांची, खांद्यावर घोंगडं असल्यासारखी. ते गोठ्याच्या दारात उभे राहिले. समोर पाणी. पाण्यात त्यांचा नातू, पाठीला वाळका भोपळा बांधून, एखाद्या कासवासारखा तरंगतोय. आबांनी ते पाहिलं आणि चहासुद्धा न घेता निकाल दिला.

"पोरी, मेंढरू आन् पोर पाण्याजवळ न्यायचं ते पाजाया. ठेवाया न्हाई."

"आबा, इथं सगळ्यांचीच पोरं..."

"सगळ्यांची मला न्हाई ठावं. हिची चौथी झाली की मी येतो वैशाखात. पाचवीला कवठ्याच्या साळंत घालू. धाकट्याचं पुढल्या साली बघू."

पोरीच्या हातातली करंजी हातातच राहिली. ती गेली तर घर कसं दिसेल ते मला तिथेच उभ्याउभ्या दिसलं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. पण आबांना नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नव्हती. फसवायची होती.

वैशाख म्हणाले होते ना? छान. वैशाखात आमचा समुद्र घरातून दिसतच नाही. मी ठरवलं की आबांना पाणी दाखवायचंच नाही. पाणी नाही तर भीती नाही, भीती नाही तर पोरगी कुठे जातेय? मालक म्हणाले, "मामांना कळंल." मी म्हटलं, "तुम्ही फक्त गप बसा. ते तुम्हाला जमतं."

चौथीची परीक्षा झाली आणि घरात नाटकाची तालीम सुरू झाली. भोपळा धान्याच्या कणगीत गेला. गळ आणि दोऱ्या कौलांखाली गेल्या. ट्रकच्या चाकाची मोठी ट्यूब, जिच्यावर बसून दोघं फिरायची, ती मुलाने कुठेतरी लपवली आणि कुठे ते मलाही सांगितलं नाही. होडीवाल्या मावशींना मी जाऊन सांगितलं की आबा असतील तोवर मासळीची पाटी आमच्या दारात आणू नका. त्या म्हणाल्या, "म्हंजी मला वळकायचं बी न्हाई का?" मी म्हटलं, "ओळखा, पण नुसतं ओळखा."

मग संवाद. मी आबा झाले, घोंगडं घेतलं, खाकरले.

"काय गं, पाण्यात जाती का?"

"पाणी?" मुलीने भुवया कपाळात नेल्या. "त्ये कसलं असतंय आबा?"

"एवढं नको," मी म्हणाले.

"मग थोडं ठावं हाय असं दावू?"

"पिण्याचं ठाऊक आहे, एवढंच दाखव."

तिला नक्कल करायचा भारी नाद होता. तालमीतच तिने माझं आबा होणं मोडीत काढलं आणि मला आबा कसे खाकरतात ते करून दाखवलं. ते माझ्यापेक्षा चांगलं होतं.

आबा शिरूरला एक गाडी बदलून, दौंडला दुसरी बदलून दुपारी आले. दारात उभे राहिले. कपाळावर हात धरून पाहिलं. समोर कलिंगडाचे वेल, त्यापुढे भेगाळलेली जमीन, त्यापुढे उन्हाची लकाकी.

"पानी कुठं गेलं?"

"गेलं आबा," मी गूळपाणी पुढे करत म्हणाले.

"परत येतं का?"

"येतं. कधीमधी."

मालक खोकले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गप बसले, तेवढं त्यांनी केलं.

संध्याकाळी होडीवाल्या मावशी रिकाम्या हातांनी दारावरून गेल्या आणि नुसतं ओळखून हसल्या. आमचं मांजर मात्र तालमीला नव्हतं. ते शेपटी उभी करून मावशींच्या मागे पार त्यांच्या घरापर्यंत ओरडत गेलं. आबांनी मांजराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं दूध असतंय," मी म्हणाले.

जेवताना आबा जरा सैल झाले. म्हणाले, जमीन चांगली हाय, कलिंगडं गोड हायती, पोरगी बी गुणाची झाली, पान्याचं नावसुदिक घेत न्हाई. मी मनातल्या मनात पडदा पाडून टाळ्या घेतल्या. आणखी एक दिवस निभावला की झालं, असं मला वाटत होतं.

सकाळी मालक नेहमीप्रमाणे मोटर पुढे घ्यायला गेले. मी आबांना नाश्त्यात अडकवून ठेवणार होते, पण लांब ढांगांच्या माणसाला पोह्यांनी थोपवता येत नाही. ते म्हणाले, "पाव्हणं एकलंच वढत असतील, जरा हात लावतो," आणि निघाले. मागे दोन्ही पोरं, त्यांच्यामागे भाकरीचं फडकं घेऊन मी, जवळजवळ पळत.

कलिंगडांचे वेल संपले तिथून दोन वाटा. पायवाट लांब वळसा घेऊन, वाळूवरून, मोटरीपर्यंत जाते. आणि सरळ गेलं तर मध्ये उघडी पडलेली गाळाची जमीन, वरून पार भेगा पडलेली, सुकून पापुद्रे उचललेली. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं की भेगा वरच्या वर असतात, खाली सगळी खीर. पण माळावर भेगा म्हणजे जमीन अशी कडक की कुदळीने ठिणगी उडते. माळावरचा माणूस भेगाळ जमिनीवर डोळे मिटून चालतो. आबांनी सरळ वाट धरली.

"आबा, तिकडनं नको," मुलगी म्हणाली.

"का गं?"

ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मला तिची अडचण लख्ख दिसली. गाळ असतो हे तिने सांगायचं, तर गाळ तिला ठाऊक आहे हे कबूल करायचं. आणि तिला तर मी फक्त पिण्याचं पाणी ठाऊक ठेवलं होतं. मी तोंड उघडेपर्यंत ती म्हणाली, "असंच."

"असंच म्हनं," आबा हसले आणि चालले.

पाच-सहा ढांगा ठीक गेल्या. मग एक पाय घोट्यापर्यंत गेला. तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला, तर दुसरा गुडघ्यापर्यंत. आबांनी रागाने पहिला उपसायचा प्रयत्न केला आणि दोन्ही मांड्यांपर्यंत गेले. पांढरं धोतर आजूबाजूला फुलासारखं पसरलं. मी फडकं टाकून धावले, तर मुलीने मला हाताने अडवलं.

"आई, तू जड हायस. थांब."

तिने नाटक तिथेच टाकून दिलं. आवाजसुद्धा बदलला.

"आबा, पाय हलवू नका. झोपा."

"काय करू?"

"पोटावर झोपा."

"कुनाच्या? माझ्या?"

"तुमच्याच. हात पुढं टाका आन् आडवं व्हा."

"लेकीच्या सासरी," आबा म्हणाले, "भर दिवसा, पोटावर." कलिंगडात काम करणाऱ्या बायका आता कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्यात होडीवाल्या मावशीही होत्या. "मी असाच हुबा ऱ्हातो. पाव्हण्यांना बोलवा."

"हुबं ऱ्हायला तर गळ्यापत्तुर जाल," मुलगी म्हणाली. "मग झोपता बी येत न्हाई."

आबा आणखी चार बोटं खाली गेले. मी "आबा, ऐका तिचं" म्हणाले, आणि माझा आवाज ऐकून ते घाबरले, कारण तो माझ्या नाटकातला नव्हता. त्यांनी पटका काढून माझ्या दिशेने फेकला, डोळे मिटले आणि आडवे झाले.

मुलाने तेवढ्यात वेलांखालून ट्यूब ओढून काढली. कुठे लपवली होती हे मला तेव्हा कळलं. मुलगी पोटावर, कोपरांवर सरकत गाळावर गेली, ट्यूब पुढे ढकलत. तिच्या मागून ट्यूबला बांधलेला दोर, दोराच्या टोकाला धाकटा. पलीकडून मालक वाळूवरून धावत आले आणि त्यांनी दोर हातात घेतला. ट्यूब आबांच्या छातीशी पोचली.

"मिठी मारा तिला."

आबांनी मारली.

"आता पाय बेडकावानी करा."

"बेडूक मी लांबनंच बघितलाय, पोरी."

"मग मी करते तसं करा."

ती त्यांच्या शेजारी पालथी पडून पाय मारून दाखवू लागली, आणि माझे वडील, ज्यांच्यासमोर आमच्या वाडीत कुणी मोठ्याने बोलत नसे, ते तिच्याकडे बघत बघत पाय मारू लागले. मालक ओढत होते, गाळ सोडत नव्हता. मग एकदम मोठा आवाज झाला, बाटलीचं बूच निघाल्यासारखा, आणि आबा सुटले. नुकत्याच लिंपलेल्या कणगीसारखे ते वाळूवर येऊन लागले. एक वहाण अजून आत आहे.

गाळ धुवायला पाणी एकच होतं, जे मी लपवलं होतं ते. पोरांनी आबांना दोन्ही हातांनी धरून वाळूच्या उथळ काठावर नेलं, बसवलं, आणि ओंजळींनी धुतलं. कमरेपर्यंत पाण्यात बसलेले आबा बराच वेळ उठायला तयार नव्हते. दगड घासावा तसे ते स्वतःला हळूहळू घासत होते. मग त्यांनी मुलीला विचारलं, "हे समदं कुठं शिकलीस गं?"

"साळंत," ती म्हणाली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. आभाळात त्या दिवशी फारसं काही नव्हतं.

घरी आल्यावर आबांनी उरलेली एक वहाण धुऊन उन्हात ठेवली. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पाणी आहे, गाळ आहे, लेक खोटारडी आहे, असं सगळं एका सकाळीत सिद्ध झालेलं. आता पोरगी जाणार. मी तिचे दोन फ्रॉक घड्या घालून पिशवीत भरले, परत काढले, परत भरले.

संध्याकाळी आबांची तब्येत विचारायला आळीतली माणसं आली. आबा खाटेवर बसून "काय न्हाई, जरासा पाय गेल्ता" म्हणत होते. कुणीतरी म्हणालं, म्हंजी नेमकं झालं कसं? आणि आमच्या मुलीने ओसरीवर ते करून दाखवलं. आधी लांब ढांगा. मग "असंच म्हनं". मग मांड्यांपर्यंत जाणं, बायकांकडे ती एक नजर, पटका फेकणं, डोळे मिटून आडवं होणं, आणि शेवटी बेडूक. ओसरी हसून हसून भिंतीला टेकली. होडीवाल्या मावशींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "परत एकदा दाव, मघाशी मी जरा लांब हुते." तिने परत दाखवलं. या खेपेला खाकरणं घालून. मी आबांकडे पाहायचं धाडस केलं, तर ते नातीकडे टक लावून पाहत होते, एखादा अनोळखी प्राणी कळपात शिरल्यावर पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाडीच्या थांब्यावर. आबांच्या एका हातात त्यांची पिशवी, दुसऱ्या हातात तिची. पायात मालकांच्या वहाणा. धाकट्याने बहिणीला गळ्याशी धरलं होतं आणि तिच्या कानात हळूच ट्यूब कुणाची हे पक्कं करून घेत होता. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

दौंडची गाडी आली. आबांनी तिची पिशवी पायरीवर ठेवली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, "आबा, पोरगी येतीया का? हाफ फाडू?"

आबा बोलणार, तेवढ्यात खिडकीतून एका बाईने डोकं बाहेर काढलं. काल ती कलिंगडात होती. ती मुलीला म्हणाली, "ए बाय, तुजं आबा कसं झोपलं हुतं गं? ह्यास्नी दाव की, ह्ये मानत न्हाईत." आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट केलं.

मुलीने फ्रॉकला डोळे पुसले. ती दोन पावलं मागे सरकली, जागा करून घेतली, आणि खाकरली. ते रडणं आणि हे खाकरणं यांच्यात श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि यातलं खरं कोणतं हे मी तिला अजून विचारलेलं नाही. ती धुळीत आडवी झाली. दोन खिडक्या आणखी उघडल्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि मान वळवून बसला. बेडूक सुरू झाला तेव्हा कंडक्टरसुद्धा पायरीवरून खाली उतरला.

आबांनी पिशवी पायरीवरून उचलली, माझ्या छातीवर आदळली, आणि आख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात कंडक्टरला म्हणाले:

"एकच फुल दे बाबा. ही जर कवठ्याला आली, तर मला गावात पोटावरच चालावं लागंल."